जाऊबाईंच्या भावाची शिष्यवृत्ती

अगं बायांनो, या की जरा जवळ. उंबऱ्याशी उभं राहून निम्मं ऐकायचं आणि घरी जाऊन पुरं सांगायचं, ही तुमची खोड काही जात नाही. मागच्या खेपेला मी सांगितलं एक आणि ओतूरच्या बाजारात पोचलं भलतंच. तेव्हा आता नीट मांडी घालून बसा. तर सांगायचं म्हणजे, साऱ्या जुन्नर-आंबेगावात, शिनोलीपासून आमच्या लोणीच्या माळापर्यंत, माझ्या धाकट्या जाऊबाईंच्या भावाइतका जागेवर न ठरणारा माणूस आजवर झाला नाही. हे मी त्याच्या सख्ख्या बहिणीच्या तोंडावर सांगते आणि तीही मान हलवते.

चहा तो चालत प्यायचा. कप घेऊन ओट्यावरून अंगणात, अंगणातून गोठ्यात, आणि बोलणं सुरूच. मग तो गेल्यावर आम्ही दोघी जावा कप हुडकत फिरायचो. कधी गव्हाणीत सापडायचा, कधी कोंबड्यांच्या डालग्यावर. ताटावर बसला तरी एक गुडघा उभा, कारण दोन घास झाले की त्याला काहीतरी आठवणार आणि तो उठणार. आमच्या सासूबाई म्हणायच्या, "ह्याला जेवाय वाढायचं म्हंजी वरातीतल्या घोड्याला वैरण टाकायची." माझ्या दिराच्या लग्नातला एक फोटो आहे. त्यात सगळं वऱ्हाड दगडासारखं बसलंय आणि नवरीच्या भावाच्या जागी नुसता एक सदरा हललेला दिसतो.

आता ह्या घाईचं कारण ऐका. त्याला डॉक्टर व्हायचं होतं. सुई टोचणारा नव्हे, प्रबंध लिहून होतात तो. अर्थशास्त्रात एम.ए. झालेला, ओतूरकडच्या एका शाळेत तुटपुंज्या पगारावर शिकवायचा. घरी थोडकी जमीन आणि म्हातारी आई. प्रबंधाला तीन-चार वर्षं लागणार, आणि तेवढी वर्षं घरात चूल पेटती ठेवून कुणीतरी आपल्याला शिकवावं, एवढंच त्याचं देवाकडं मागणं. पहिल्यांदा त्यानं हे सांगितलं तेव्हा मी म्हणाले, "काहीतरीच बोलतोस. शिकायला कोण पैसे देतं?" तर म्हणाला, "देत्यात आक्का, जगभर देत्यात. आपल्याला मागता यायला पायजे."

आणि मागण्यात तो तरबेज झाला. नव्वदीतली गोष्ट, गावात धड फोनसुद्धा नव्हते, पण कुठल्या देशात काय मिळतं ते ह्याला तोंडपाठ. आपल्याकडं आधी परीक्षा, मग मुलाखत, मग नुसती वाट बघणं. जर्मनीला जायचं तर त्यांची भाषा शिका. अमेरिकेत तिथल्या पोरांना शिकवा आणि त्या बदल्यात स्वतः शिका. इंग्लंडात फी माफ होईल, पण खोलीच्या भाड्यात जीव जाईल. शाळेची पायरी मी नीट चढलेली नाही, अक्षर शिकले ते किराणाच्या पुड्यांवर. पण त्याच्यापायी फेलोशिप, प्रपोजल, गाईड हे शब्द माझ्या तोंडी मीठ-मिरचीसारखे बसले. शेजारणीचा मुलगा बी.ए. झाला तेव्हा मीच तिला विचारलं, "गाईड कोण बघितलाय?" तिला वाटलं मी सोयरिकीचं विचारते.

खोट एकच होती. हा जाहिरात बघून विषय ठरवायचा. एका वर्षी गोड्या पाण्यातल्या मासेमारीवर शिष्यवृत्ती निघाली, तर हा डिंभ्याच्या धरणावर जाऊन बसला. बसला कसला, काठाकाठानं फिरला, आणि त्याच्या फिरण्यानं मासे पळतात म्हणून कोळ्यांनी त्याला हात जोडले. पुढच्या वर्षी द्राक्षं. त्याच्या पुढच्या वर्षी बचत गट. आमच्या गटातल्या बायकांना त्यानं इतके प्रश्न विचारले, की पुढच्या बैठकीला बायकाच फिरकल्या नाहीत. एक म्हणाली, "आक्का, पयलं त्या पावण्याला त्याचा येगळा गट काढून द्या." माशांच्या वेळी पुण्यात मुलाखतीपर्यंत पोचला होता. तिथं साहेबांनी विचारलं, हा विषय तुम्हाला का घ्यावासा वाटला? हा म्हणाला, "साहेब, जाहिरातीत तुमीच मासं लिवलंत." हे त्यानंच येऊन आम्हाला सांगितलं, अंगणात गोल फिरत, हसत हसत. हसताना डोळे मात्र ओले होते.

एकदा जाऊबाई फार चिडली. म्हणाली, "आरं, दुसऱ्याच्या ताटाकडं बघून किती दिस भूक लावून घेशील? तुला सोताला काय कळून घ्यायचंय, ते बघ की!" तो जायला निघाला होता, पण दारातच थबकला. समोर आमच्या वावरात तेव्हा मेंढरं बसवली होती. सुगी झाली की धनगर कळप घेऊन येतात, रिकाम्या रानात मुक्काम करतात, रानाला लेंडीखत मिळतं आणि मालक त्यांना धान्य देतो नाहीतर पैसे. आमच्या सासऱ्यांपर्यंत आम्हीही असेच कळप घेऊन हिंडत होतो. आता शेती करतो, एवढाच फरक. सगळा व्यवहार तोंडी. कागद नाही, सही नाही, आणि भांडणही सहसा नाही. तो तिथंच उभा राहिला आणि म्हणाला, "ताई, हे कसं काय टिकलं गं?" मग कळपातल्या म्हाताऱ्याजवळ जाऊन त्यानं त्यालाच विचारलं. म्हातारा म्हणाला, "ते आमाला ठावं असतं तर मेंढरामागं कशाला फिरलो असतो? तू शिकलेला हायस, तूच सांग." 

हा त्याचा विषय. कुठल्याच जाहिरातीत न आलेला. दोन वर्षं सुट्टी मिळाली की कळपांमागं हिंडला. एरवी ज्याचे पाय आम्हाला काळजी लावायचे, त्याच पायांचं आता काम झालं. नारायणगावात इंटरनेटचं दुकान निघालं होतं. तिथून त्यानं हॉलंडातल्या एका प्राध्यापकबाईंना लिहिलं, आणि त्यांचं उत्तर आलं, विषय आवडला, शिष्यवृत्तीला अर्ज करा. आम्ही गूळ वाटला. आणि दुसऱ्या दिवशी हा आला तो पडक्या चेहऱ्यानं. "आक्का, वय निघून गेलं."

हे नीट समजून घ्या, कारण इथंच सगळं अडलं. तेव्हा जन्माचा दाखला कुणाकडं असायचा? हेडमास्तर पोराला उभं करायचे आणि उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान धरायला सांगायचे. कान हाताला लागला की सहा वर्षं पुरी झाली, घाला नाव, जन्मतारीख एक जून. आमच्याकडं निम्मा तालुका एक जूनला जन्मलाय. आता ह्याचे हात मुळातच लांब, माकडाला लाजवतील असे. थोरल्या चुलतभावाला शाळेत घालायला नेलं, तेव्हा हाही मागून गेला आणि पाच पुरी व्हायच्या आत त्यानं कान नुसता धरला नाही, पिळूनही दाखवला. मास्तर खूश. नाव दाखल. तेव्हापासून कागदावर हा चांगला दीड वर्षानं म्हातारा. जन्मभर त्याचं आम्ही हसू केलं. पण त्यानं पाहिलेल्या एकूण एक जाहिरातीत पस्तिशीची अट, आणि कागदावर ती नुकतीच उलटलेली. खरं वय तिच्या आत होतं. आता नाही गेला तर कधीच नाही.

मग धावाधाव सुरू झाली. शाळेत गेला, तिथं म्हणाले शाळा सोडल्यावर तारीख बदलत नाही. घोडेगावला वकिलाकडं गेला, त्यानं जन्माचा पुरावा मागितला. शेवटी शिनोलीला, रिटायर झालेल्या हेडमास्तरांकडं. ते खाटेवर पडूनच म्हणाले, "पोरा, ती तारीख मी न्हाई लिवली, तुझ्या हातानं लिवली. येवढं लांब हात घिऊन तुला यायला कुणी सांगितलं व्हतं?" आईला विचारलं, तर ती म्हणाली, "आपल्या हिरीला पाणी लागलं ना, त्या सुगीत झालास तू." विहिरीला पाणी कधी लागलं ह्यावर चुलता एक साल सांगे, शेजारी दुसरं, आणि त्या दोघांची अशी जुंपली की विहीर राहिली बाजूला, बांधावरचं जुनं भांडण निघालं.

तो वाळला. चहाचा कप आता हुडकावा लागत नव्हता, कारण तो चहाच घेत नव्हता. अंगणात येरझाऱ्या घालायचा, आणि आम्हाला पहिल्यांदाच त्या येरझाऱ्यांचं हसू येईना. अखेर जाऊबाई म्हणाली, "तू खोटं सांगतोयस का? न्हाई ना? मग झालं तसं लिवून टाक त्या बाईला." त्यानं लिहिलं. हेडमास्तर, कान, हात, विहीर, सगळं. आणि नुसतं लिहून पटायचं नाही म्हणून आमच्या ओट्यावर फोटोवाला बोलावून, हात डोक्यावरून नेऊन कान धरल्याचा फोटो काढून तोही जोडला. एम.ए. झालेला बाप्या, अंगात इस्त्रीचा सदरा, आणि शिक्षा झाल्यासारखा कान धरून उभा! फोटोवाला हसून हसून दोनदा चुकला.

उत्तर त्यानं आमच्या ओट्यावरच वाचून दाखवलं, मराठीत करून. बाईंनी लिहिलं होतं: 'आमच्या शिष्यवृत्तीला वयाची अट नाही. ती तुम्ही कुठं वाचलीत? बाकी तुमचा फोटो पाहून आमच्या विभागात सगळ्यांनी कान धरून पाहिला. दोघांचा हात पोचला नाही, त्यांना परत शाळेत पाठवायचं का, ह्यावर चर्चा चालू आहे. तुमची निवड झाली आहे.'

इकडच्या जाहिराती वाचून वाचून ती अट ह्याच्या हाडात इतकी भिनली होती, की तिकडच्या कागदावर ती आहे का, हे बघायचंच राहिलं. सासूबाई म्हणाल्या, "म्हंजी येवढ्या चपला झिजवल्या त्या फुकट?" आणि तो मटकन खाली बसला. दोन्ही गुडघे खाली टेकून, भिंतीला पाठ लावून. कितीतरी वेळ उठला नाही.

गेला, शिकला, डॉक्टर होऊन परत आला. आता पुण्यात मोठ्या कॉलेजात शिकवतो. परत आल्यावर पहिल्यांदा आला तेव्हा जाऊबाईनं चहा दिला. त्यानं तो खुर्चीत बसून घोट घोट घेत संपवला आणि कप बशीत ठेवला. जाऊबाई घाबरलीच. "का रं, बरं न्हाई का तुला?" तो हसला. "बरं हाय की ताई. आता घाई कशाची?" ती कपबशी घेऊन आत आली आणि मला हळूच म्हणाली, "आक्का, माजा भाऊ कुटं ठिवला वं त्यांनी?" मी तिला वेड्यात काढलं. पण खरं सांगू, मलाही आमचं घर त्या दिवशी फार गप्प वाटलं.

भाऊ, हे तुझ्या कानावर आलं तर रागावू नकोस. सांगायचं एवढंच, की औंदा मेंढरं पुन्हा आपल्या वावरात उतरलीत. तो म्हातारा अजून आहे, डोळ्यांनी अधू झालाय. काल मला विचारत होता, "त्यो इचारणारा पावणा कुटाय? त्याला घावलं का हे कसं टिकलं ते?" मी काय सांगणार, तुझा प्रबंध इंग्रजीत. तेव्हा तू ये, आणि त्याच्याजवळ बसून त्याला आपल्या भाषेत सांग. चारच दिवसांत ये बाबा. मेंढरं काही एका रानात फार दिवस राहत नाहीत.