गॅसचं बिल कमी आलं तो हिवाळा

आमच्या बिबवेवाडीच्या सोसायटीत पाइपचा गॅस आला, तेव्हा सगळ्यात जास्त आनंद मला झाला होता. सिलिंडर बुक करा, तो येईल त्या दिवशी कुणीतरी घरी थांबा, मधेच संपला तर शेजारी विचारा, हे सगळं सुटलं. आम्ही न्हाणीघरातला जुना विजेचा गीझर काढून बाल्कनीत गॅसचा बसवला. पहिली काही वर्षं बिल दोन महिन्यांनी यायचं आणि मी ते न वाचता भरून टाकायची.

मग दर वाढत गेले. तेही चाललं असतं, पण त्याच पावसाळ्यात नवऱ्याची नोकरी गेली. चाकणच्या ज्या कारखान्यात तो खरेदी विभागात होता, तिथे तो विभागच बंद केला. वय त्रेपन्न. मुलगी बंगळूरला शिकत होती. मी शनिवार पेठेतल्या एका छोट्या प्रकाशनात मुद्रितशोधनाचं काम करते. त्या पगारावर घर चालवायची वेळ कधी आली नव्हती, ती आली.

घरात सासरे होते. वय एकोणऐंशी, शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेले, सासूबाई गेल्यापासून आणखीच कमी बोलणारे. त्यांना काही सांगायचं नाही, असं आम्ही दोघांनी ठरवलं. मुलीलाही नाही. नवरा म्हणाला, "दोन महिन्यांत कुठंतरी लागेलच. उगाच त्यांच्या डोक्याला ताप कशाला?" त्यामुळे तो रोज सकाळी डबा घेऊन स्कूटरवर बाहेर पडायचा, एका मित्राच्या ऑफिसात बसून अर्ज पाठवायचा आणि संध्याकाळी कंपनीतून आल्यासारखा घरी यायचा. दोन महिन्यांचे चार झाले.

दिवाळीच्या सुमाराला गॅसचं बिल आलं ते पाहून मी हबकले. त्या रविवारी बसून एका कागदावर नियम लिहिले. डाळ-तांदूळ आधी भिजत घालणे. कुकर एकदाच लावणे. भांड्यावर झाकण ठेवल्याशिवाय गॅस पेटवू नये. चहा सकाळी सगळ्यांचा एकदम. आंघोळीला गीझर प्रत्येकी पाच मिनिटे. कागद स्वयंपाकघराच्या दाराला चिकटवला.

दुसऱ्या दिवशी कामावरून आले तर त्या कागदावर लाल पेनाची खूण. मी 'मिनीटे' लिहिलं होतं, ते खोडून सासऱ्यांनी 'मिनिटे' केलं होतं.

"मुद्रितशोधन तूच करतेस ना?" पेपरमधून डोकं न काढता त्यांनी विचारलं.

मी हसले. नियमांबद्दल ते एक अक्षर बोलले नाहीत. मला वाटलं, त्यांना पटलंय.

मीही कडक होते, हे कबूल केलं पाहिजे. एकदा ते दूध गरम करत उभे होते आणि ज्वाळा पातेल्याच्या बाहेर येत होत्या. मी मागून जाऊन काही न बोलता बर्नर बारीक केला. एकदा दुपारच्या चहाचं आधण त्यांनी ठेवलं, तर मी म्हणाले, "बाबा, थर्मासमध्ये सकाळचा आहे." ते "बरं" म्हणाले आणि थर्मासमधला चहा त्यांनी घेतला. त्यानंतर दुपारी त्यांनी कधी आधण ठेवलं नाही. घरात सुट्टीच्या दिवशी मी असायची, म्हणून मला हे माहीत.

पुढचं बिल बरंच कमी आलं. ऐन थंडीतलं बिल, तरी कमी. मी खूश झाले. ते नवऱ्याला दाखवलं, जेवताना सासऱ्यांनाही दाखवलं. त्यांनी चष्मा लावून युनिटचा आकडा वाचला. "छान," म्हणाले आणि ताटातला भात कालवायला लागले. मी एवढी बारीक वाचणारी बाई, पण एवढं कमी कसं आलं, हे मला विचारावंसं वाटलं नाही.

जानेवारीच्या मध्यावर त्यांना खोकला झाला, मग ताप. तिसऱ्या दिवशी सकाळी धाप इतकी लागली की वाक्य पुरं होईना. दवाखान्यात नेलं, तिथे छातीचा फोटो काढला, न्यूमोनिया. दाखल करून घेतलं, ऑक्सिजन लावला. नवरा तिकडे थांबला आणि मी कपडे, औषधांची फाइल न्यायला घरी आले.

धुण्याभांड्याला येणाऱ्या मावशी दारातच भेटल्या. आमच्याकडे त्या दहाबारा वर्षं आहेत, गाव सासवडकडचं. आजोबा कसे आहेत विचारलं, मी सांगितलं. त्या जरा घुटमळल्या.

"ताई, राग नका धरू. पर आजोबा थंडच पाणी घेत्यात आंघोळीला."

"कोण म्हणालं?"

"कुनी कशाला म्हनाय पायजे? त्यांच्या मागनं मी कापडं धुवायला जाते की. वाफ नसती, बादली गारढोन. दिवाळीपासनं असंच हाय. मी एकदा म्हनलं त्यांना, आजोबा, गरम काढा की. तर म्हनले, मावशी, तुम्ही धुणं धुवा."

खरं म्हणजे मलाही कळायला हवं होतं. गीझर पेटताना आधी टकटक होते, मग भक्कन आवाज होतो. आमच्या घरात तो कुठेही ऐकू येतो. सकाळी तो आवाज दोनदा यायचा. नवऱ्याचा आणि माझा. तिसरा येत नव्हता, हे मला अडीच महिने ऐकू आलं नव्हतं. जानेवारीत गच्चीवरच्या टाकीतलं पाणी सकाळी हाताला चावतं. त्या पाण्याच्या बादलीसमोर उघड्या अंगाने बसलेला एकोणऐंशी वर्षांचा माणूस माझ्या डोळ्यांसमोर आला. मी आत जाऊन स्वयंपाकघराच्या दारावरचा कागद ओढून काढला, त्याचे तुकडे केले. मावशींनी ते केरात भरले.

दवाखान्यात डॉक्टरांना मी जे होतं ते सांगितलं. त्या तरुण होत्या, पण घाईत बोलणाऱ्या नव्हत्या. "थंड पाण्यामुळेच झालं असं मला म्हणता येणार नाही," त्या म्हणाल्या. "पण या वयात शरीराला इतका त्रास देणं चांगलं नाहीच." त्यांनी मला धीर द्यायला हे सांगितलं असेल. मला धीर आला नाही.

चौथ्या दिवशी त्यांचा ऑक्सिजन काढला. आम्ही दोघं पलंगाशी बसलो होतो. मी ठरवून गेले होते, की रडायचं नाही. त्यांची चादर सारखी करत मी विचारलं.

"बाबा, गरम पाणी का नाही घेतलंत? पाच मिनिटं तुमचीही होती ना."

"माझी पाच तुमच्यात धरली," ते म्हणाले. आवाज खोल गेलेला होता, पण शब्द स्वच्छ. मग त्यांनी मुलाकडे पाहिलं. "नोकरी कधी गेली?"

नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली नाही, खाली घातली.

"जुलैत," तो म्हणाला. "तुम्हाला कुणी सांगितलं?"

"कंपनीची बस कोपऱ्यावर पावणेसातला येते. तू साडेनऊला स्कूटरवर जायला लागलास. कंपनीत कँटीन आहे आणि ही तुला डबा देते. मी छत्तीस वर्षं गणित शिकवलंय." त्यांना खोकल्याची उबळ आली. ती थांबेपर्यंत नवरा त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिला. मग ते म्हणाले, "तुम्ही सांगाल म्हणून वाट पाहिली. नाही सांगितलंत. मग आपल्याला जेवढं करता येतं तेवढं करावं, म्हटलं."

"तुम्हाला काळजी नको म्हणून, बाबा."

"काळजी नको असलेला माणूस घरात पाहुणा असतो," ते म्हणाले आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिले.

नवरा उठून बाहेर व्हरांड्यात गेला. मी गेले तेव्हा तो खिडकीशी उभा राहून रडत होता. आमच्या लग्नाला सव्वीस वर्षं झाली होती. त्याला रडताना मी सासूबाई गेल्या तेव्हा पाहिलं होतं, त्यानंतर तेव्हाच. तिथूनच त्याने मुलीला फोन केला आणि सगळं सांगितलं. ती रागावली. "मला का नाही सांगितलंत?" असं तीही म्हणाली, अगदी आजोबांच्याच सुरात.

नवव्या दिवशी ते घरी आले. अशक्त झाले होते, भिंत धरून चालायचे. पहिल्या आंघोळीला मी बाल्कनीच्या दाराशी जाऊन उभी राहिले. टकटक झाली, मग भक्कन आवाज. आतून ते म्हणाले, "पेटलाय. ऐकलंस ना? आता जा कामाला."

त्या महिन्यापासून त्यांची पेन्शन घरखर्चात यायला लागली. आम्ही नको म्हणालो, तेव्हा त्यांनी असं पाहिलं की पुन्हा म्हणायची हिंमत झाली नाही. गॅसचं मीटरही ते बघायला लागले. रीडिंग लिहून ठेवायचे, बिलाशी ताडून पाहायचे, दर वाढला असेल तर तो किती वाढला ते जेवताना सांगायचे. दुपारचा चहा ते स्वतः करायला लागले. आधण ठेवताना मी समोर असले तर मुद्दाम माझ्याकडे बघायचे. मी दुसरीकडे बघायची.

नवऱ्याला उन्हाळ्यात मार्केट यार्डातल्या एका व्यापाऱ्याकडे काम मिळालं. पगार आधीच्या निम्म्याहून थोडा जास्त. त्याने ते घरी येऊन सगळ्यांत आधी वडिलांना सांगितलं, चप्पल काढायच्या आधी.

सासरे त्या आजारपणानंतर दीड वर्ष होते. श्रावणात एका सकाळी झोपेतच गेले. त्यांना काही त्रास झाला नाही, असं डॉक्टर म्हणाले. या दीड वर्षात मी त्यांना दोनतीनदा विचारलं होतं, की किती दिवस तसं थंड पाणी घेत होतात, एखाद्या दिवशी तरी गरम काढलं होतंत का. मला उत्तर हवं होतं. एखाद्या दिवशी काढलं होतं, असं त्यांनी खोटं सांगितलं असतं तरी मी धरून ठेवलं असतं. पण ते खोटं बोलत नसत. ते म्हणायचे, "झालं ते. विषय संपला." आणि बोलणं दुसरीकडे न्यायचे.

माझ्याकडून विषय संपलेला नाही. थंडीत मी पोळ्या लाटत असते, नवरा आंघोळीला जातो, त्याच्यानंतर मी जाते, गीझर दोनदा भक्कन पेटतो, आणि मग घर गप्प असतं.