वाजणारं कार्ड

नांदेडच्या एका दुकानात मी लॅपटॉप दुरुस्तीला नेला होता. तिथं उमरीकडचे एक गृहस्थ मुलासाठी ग्राफिक्स कार्ड घ्यायला आले होते. दुकानदारानं एकाच किमतीची दोन कार्डं दोन सीपीयूंत लावून त्यांवर एकच गेम चालवून दाखवला. गृहस्थांनी स्क्रीनकडं पाहिलंच नाही. टोपी काढून, वाकून, दोन्ही सीपीयूंना आळीपाळीनं कान लावला.

"हे घ्या काका," दुकानदार म्हणाला. "गेम जास्त पळतो, अन् पंखा बिलकूल वाजत न्हाई."

"वाजणारं द्या. पोरगं दार लावून बसतंय, बोलत न्हाई. जुन्या कार्डाचा पंखा वाजला की त्याची माय म्हणायची, हाय घरात. ते बंद पडल्यापासून घर लई गप हाय."

मी घरी आलो. लेकीच्या खोलीचं दार लावलेलं होतं. चपला न काढताच जरा वेळ दाराशी उभा राहिलो. आतून काहीच ऐकू येत नव्हतं.