रंगनाथचा पोळा आणि एक्सलमधला गाळ

रंगनाथ गेल्याचा फोन आला तेव्हा मी चाकूरच्या माझ्या गॅरेजात एका ट्रॅक्टरखाली पाठीवर पडलेलो होतो. पलीकडून त्याचा चुलतभाऊ बोलत होता, "मिस्त्री, रंगनाथ गेला. शेतातून आला, पाणी मागितलं अन् बसल्या जागी गेला." माझ्या तोंडून पहिली निघाली ती शिवी. ती इथे छापता येणार नाही. त्याला आता दीड महिना झाला. पेपरच्या पुरवणीवाल्यांनी 'मित्रावर चार शब्द लिहा' म्हटलं तेव्हा मी आधीच बजावलं, की ते गोड नसतील. मातीला आलेला जो तो सांगत होता, देवमाणूस होता, कधी कुणाला उलटून बोलला नाही. नसेल बोलला. मेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात... पण हा माणूस हट्टी होता, आडमुठा होता, आणि माझ्याशी नीट भांडण मिटवल्याशिवाय निघून गेला. हे मी त्याला माफ केलेलं नाही.

रेणापूरच्या शाळेत आम्ही एका बाकावर होतो. पुढे मी आयटीआय करून ट्रॅक्टरच्या कामात शिरलो, तो वडिलांच्या शेतात. वडील गेल्यावर त्यानं बैलजोडी विकली आणि एक जुना ट्रॅक्टर घेतला. तो मीच पारखून दिला होता. इथवर सगळं ठीक होतं. मग पोळा आला. बैल नाहीत, तर बाकीच्यांसारखं मातीचे बैल पुजून पुरणपोळी खावी की नाही? नाही. हा पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी वाटीत तूप आणि हळद कालवून ट्रॅक्टरखाली शिरला आणि मागच्या एक्सलला चोळायला लागला. बैलांची खांदेमळण करतात ना, तशी! मी म्हटलं, "हे काय करायलास?" तर म्हणाला, "वझं कोण वढतंय? एक्सलच वढतोय न्हवं? मंग त्योच ह्याचा खांदा." चोळू दे बापडा, तूप-हळदीनं लोखंडाचं काही बिघडत नाही. बिघडलं ते दुसऱ्या दिवशी. रानातून तापलेला ट्रॅक्टर त्यानं थेट रेणा नदीत घातला, मागचा एक्सल पार बुडेपर्यंत. गावचे बैल पलीकडे धुतले जात होते आणि हा मधोमध उभा राहून चाकांवर पाणी मारत होता. मग बाशिंग, झूल, बेगड, आणि मारुतीच्या देवळाला फेरी. पोरं नाचली, म्हातारी माणसं हसली.

ज्याला यातलं कळत नाही त्याच्यासाठी सांगतो. मागच्या चाकांमधला हा एक्सल, म्हणजे आस, आतून पोकळ आणि ऑइल भरलेला असतो, आणि त्याच्यावर हवा जाण्यायेण्यासाठी एक बारीक भोक असतं. तापलेलं लोखंड गार पाण्यात गेलं की आतली हवा आकसते, आणि तहानलेल्या जनावरासारखा एक्सल त्या भोकातून पाणी ओढतो. पाण्याबरोबर नदीची माती. आतल्या ऑइलचं पांढरं दूध होतं आणि तळाला गाळ बसतो. मग दर वर्षी करीच्या, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचा फोन, "ये रे मिस्त्री, आमचं दुभतं झालं!" त्याला त्याचं हसू यायचं. मी गाडीवर सामान टाकून त्याच्या गावी जायचो. मागची चाकं उचलायची, खालचा प्लग काढायचा, ते दूध घमेल्यात सोडायचं. आत डिझेल भरून चाकं हातानं फिरवायची, पुन्हा सोडायचं. मग हात घालून बोटांनी कोपऱ्याकोपऱ्यातला गाळ खरवडायचा. सुती धोतराच्या फडक्यानं पुसायचं, कारण दुसऱ्या कपड्याचा धागा आत राहतो. सारा दिवस जायचा. आणि हा? हा लिंबाखाली खाटेवर बसून चहा पीत मला गावच्या गोष्टी सांगायचा. पाना मागितला तर चुकीचा द्यायचा. जेवायला आदल्या दिवशीच्या पुरणपोळ्या असायच्या, दुधात भिजवलेल्या. मी कोपरापर्यंत काळा आणि शिव्या देत, हा खाटेवर हसत... वर्षानुवर्षं आमची करीची ही रीतच पडली. दर वर्षी मी सांगायचो, नदीत घालू नको. दर वर्षी तो म्हणायचा, "बैल गेले म्हून पोळा बी जाऊ द्यू का?"

शेवटी व्हायचं तेच झालं. ऐन हरभऱ्याच्या पेरणीत एक्सलचं बेअरिंग फुटलं. वाफसा, म्हणजे पेरणीजोगी ओल, उडून चालला होता, आणि ट्रॅक्टर रानात मोडक्या पायाचा उभा. उघडलं तर आत वाळू. म्हणजे त्या साली माझ्या हातून धुतल्यावरही हा पुन्हा कुठंतरी पाण्यात गेला होता. माझं डोकं फिरलं. बांधावर पाच-पंचवीस माणसांदेखत मी ओरडलो, "ही मशीन हाय, बैल न्हाई! तुला ह्याला आंघूळच घालायची आसंल तर परत मला बोलवू नको!" तो शांतपणे म्हणाला, "बरं. न्हाई बोलवत."

आणि खरंच नाही बोलावलं! पुढचा पोळा आला, कर आली, फोन नाही. त्याच्या पुढच्या वर्षीही नाही. माणसं सांगायची, त्याचा ट्रॅक्टर झकास चालतोय. म्हणजे दुसरा मिस्त्री धरला, असं मी धरून चाललो. इतक्या वर्षांचा गाळ मी उपसला, आणि एका शब्दावर यानं माझं दार बंद केलं, याचा मला संताप यायचा. अजून येतो. मागच्या उन्हाळ्यात नायगावला एका लग्नात समोर आला. मला वाटलं, आता तरी बोलेल. तर विचारलं काय, "जेवलास का?" मी हो म्हटलं. तो मान हलवून पंगतीत वाढायला गेला. ती शेवटची भेट. एक्सलचं नावसुद्धा काढलं नाही त्या माणसानं.

परवा पोळ्याच्या तोंडावर वहिनींचा, त्याच्या बायकोचा, फोन आला. "भाऊजी, यंदा सण न्हाई आमच्यात. पण ट्रॅक्टर तवापासून उभाच हाय. एकदा बघून जाता का?" मी गेलो. दुसऱ्या कुणा मिस्त्रीनं काय दिवे लावलेत ते बघायचंच होतं, खोटं कशाला बोलू. चाकं उचलली, खाली शिरलो, घमेलं सरकवलं आणि प्लग काढला. दूध आलं नाही. गोडेतेलासारखं स्वच्छ ऑइल आलं. आत बोट घालून तळ चाचपला, बोटाला मातीचा कणही लागला नाही.

"वहिनी," मी खालूनच विचारलं, "कोणता मिस्त्री करायचा हे?"

"मिस्त्री कुठला? ऑइल त्येच बदलायचे, डबा आणून. नदीला न्हेलंच न्हाई की, तुमी वरडून गेल्यापासून. हितंच आंगणात वल्या फडक्यानं पुसायचे. एक्सलला तर पान्याचा थेंब लागू द्याचे न्हाईत. निस्ती हळद लावायचे."

"मग मला सांगितलं का नाही?"

"मी म्हनले हुते, भाऊजीला फोन करा करीला. तर म्हनले, आता गाळच न्हाई, तर त्याला काय म्हून बोलवू? लई कामात आसतो त्यो."

मूर्ख माणूस! तोंड होतं, फोन होता, पुरणपोळ्या होत्या. एवढी वर्षं माझं एक ऐकलं नाहीस आणि ऐकलंस ते असं? डोक्यावरच्या एक्सलला मागच्या पोळ्याची हळद वाळून चिकटलेली होती, त्याच्या चार बोटांच्या ठशांसकट. डोळ्यांत पाणी आलं तेव्हा ट्रॅक्टरखाली होतो हे बरं झालं.

काम काहीच नव्हतं. तरी मी उठलो नाही. डिझेल मागवलं, भरलं, चाकं फिरवली, सोडलं, पुन्हा भरलं. वहिनींकडून त्याचं जुनं धोतर घेतलं, फाडलं, आणि कोपरापर्यंत हात घालून तो स्वच्छ एक्सल संध्याकाळपर्यंत धूत बसलो. धुताना लिंबाखालच्या रिकाम्या खाटेकडे बघून, येतील तेवढ्या शिव्या दिल्या.