रिलिव्हर आल्याशिवाय

आमच्या लाईनवर एक नियम सगळ्यांना तोंडपाठ असतो: रिलिव्हर आल्याशिवाय जागा सोडायची नाही. पुढच्या शिफ्टची बाई मागे येऊन उभी राहिली, की मगच हातातली वायर खाली ठेवायची. तोवर तहान लागो, पोटात कळ येवो, उठायचं नाही. चाकणला गाड्यांच्या वायरिंगच्या कामाला लागले आणि हा शब्द माझ्याबरोबर घरीही आला.

घर म्हणजे महाळुंग्यातली पत्र्याची एक खोली. नवरा तळेगावच्या कंपनीत पहिल्या शिफ्टला, मी इथे दुसऱ्या. तो घरी पोचायच्या आधीच मला निघावं लागे. मधला वेळ आमची तीन वर्षांची लेक घरमालकीण मावशींच्या ओट्यावर बसायची. "पप्पा येईपर्यंत जागा सोडायची नाही," असं मी तिला रोज बजावायची. पप्पा दिसले की ती ओरडे, "रिलिव्हर आला!" सगळी चाळ हसायची, आणि रात्री नवऱ्याकडून ऐकून मीही हसायची.

मग नवऱ्याची शिफ्ट फिरती झाली आणि आम्ही दोघं एकाच वेळी कामावर असू लागलो. मावशींनी हात जोडले. "पोरगी लय गुणाची हाय गं, पर ह्या महिन्याच्या फुडं रात हुस्तवर मला न्हाई जमायचं. माजं गुडघं हायेत का तिच्यामागं पळायला?" त्यांचं काहीच चुकलं नव्हतं. नोकरी सोडावी, तर एका पगारात भाडं भरून खायचं काय? लेकीला लातूरकडे आईजवळ ठेवावं, तर... या 'तर'च्या पुढे माझं डोकं चालायचंच नाही.

आणि गंमत बघा, आमच्या कंपनीत पाळणाघर होतं! एवढी माणसं कामाला असली की ते ठेवावंच लागतं, तसा कायदा आहे. कॅन्टीनशेजारी खोली, भिंतीवर रंगवलेला हत्ती, दाराला कुलूप आणि आत हातमोज्यांची खोकी. मी एचआरच्या मॅडमना विचारलं. "ते कंपनीच्या स्टाफसाठी आहे, तुम्ही ठेकेदाराच्या," त्या गोड आवाजात म्हणाल्या. स्टाफमधल्या एकीचंही मूल मी तिथे पाहिलं नव्हतं. कायदा करणाऱ्यावर माझा राग नाही. कुणीतरी कुठेतरी बसून आमच्या लेकरांचा विचार केला, याचंच मला अप्रूप आहे. कुलपाचा विचार तेवढा राहून गेला.

एके दिवशी त्याच मॅडम लाईनवर आल्या. "उद्या मुलांना घेऊन या हं." सरकारी तपासणी होती. खोकी हलली, चटया आल्या, फुगे आले. माझी लेक हत्तीला पुन्हा पुन्हा हात लावून बघत होती. तपासणीला आलेल्या बाईंनी तिला जवळ घेतलं.

"एरवी कोण सांभाळतं गं तुला?"

"रिलिव्हर!"

सगळे खो खो हसले. मला बोलायचं होतं, अगदी ओठांवर आलं होतं. पण ठेकेदार मागेच उभा होता. आमच्यात तोंड उघडणाऱ्या बाईला 'ब्रेक' मिळतो, म्हणजे दुसऱ्या दिवसापासून तिला गेट बंद. मी गप्प राहिले. तेव्हा मला माझाच जो संताप आला, तसा कधी कुणाचा आला नव्हता.

दुसऱ्या दिवशी लेक नवा फ्रॉक घालून दारात तयार. "हत्तीकडे जायचं." हत्तीच्या खोलीला आदल्या संध्याकाळीच कुलूप लागलं होतं.

त्याच आठवड्यात सुट्टीच्या दिवशी मी तिला आईकडे सोडून आले. निघताना ती रडली नाही. समजूतदार आहे पोरगी, असं मी एसटीत स्वतःला सांगत राहिले.

दुसऱ्या दिवशी चहाच्या सुट्टीत आईचा फोन आला. "अगं, लेकरू सकाळपासून उंबऱ्यावर बसलंय. जेवायला चल म्हणलं तरी उठंना. म्हणतंय, रिलिव्हर आल्याशिवाय जागा सोडायची नाही. कोण गं हे रिलिव्हर? कवा येणार हाय?"

"आई, तिला सांग..." मी म्हटलं. तेवढ्यात बेल झाली, आणि मी माझ्या जागेवर जाऊन बसले.