जाळीवरचं स्टिकर

"तुमचं विमान परत आलंय," असं म्हणत गायकवाडसाहेबांनी लॅपटॉप माझ्या काउंटरवर ठेवला. पंधरा दिवसांत तिसऱ्यांदा. सोबत मुलगी होती, सुजाता. लॅपटॉप तिचा, सहा वर्षं जुना.

बिबवेवाडीत माझं लॅपटॉप दुरुस्तीचं दुकान होतं. साहेब खडकीच्या एका कारखान्यातून, तपासणी खात्यातून रिटायर झालेले. सुजाताच्या नोकरीचा पहिला इंटरव्ह्यू व्हिडिओ कॉलवर झाला, तेव्हा समोरच्यांनी विचारलं होतं, "मागे पिठाची गिरणी आहे का?" दुसरा राउंड उद्या अकराला होता. माझ्याकडे येण्याआधी लॅपटॉप नुसता ओरडायचा. माझ्याकडे येऊ लागल्यापासून तो तापून बंदही पडू लागला होता.

पहिल्या खेपेला मी पंख्यातली धूळ काढली. दुसऱ्या खेपेला थर्मल पेस्ट बदलली. म्हणजे प्रोसेसरची उष्णता वरच्या धातूच्या पट्टीकडे पोचवणारा लेप. दोन्ही वेळा दुकानात तासभर चालवला. एकदम गप्प. घरी गेला की गिरणी सुरू.

साहजिकच मी गिऱ्हाइकावर संशय घेतला.

"गादीवर ठेवून वापरता का?"

"टेबलावर."

"खोलीत ऊन येतं?"

"उत्तरेची खोली आहे. पत्रिका आणू का तिची?"

मी पंखाच नवा बसवला. तासभर चालवला. गप्प. मग ऐटीत लॅपटॉप उलटा करून, उघडताना काढलेल्या जुन्याच्या जागी, सवयीप्रमाणे वॉरंटीचं नवं स्टिकर चिकटवलं. हे स्टिकर म्हणजे माझा अभिमान. पोस्टकार्डाएवढं. त्यावर दुकानाचं नाव, 'एक ते चार बंद', आणि खाली लाल अक्षरांत 'काढल्यास वॉरंटी रद्द'.

सुजाता बघत होती. "काका, पंखा हवा कुठून घेतो?"

"खालच्या जाळीतून," मी मास्तरांच्या सुरात सांगितलं.

"जाळी कुठंय?"

जाळी माझ्या नावाखाली होती. मागच्या दोन्ही वेळा मी लॅपटॉप उघड्या नाकाने तपासला आणि घरी पाठवताना नाक बंद करून पाठवला.

"अहो, मग तुम्ही काढायचं नाही का ते?" मी साहेबांवरच घसरलो.

"सील आहे ते. छत्तीस वर्षं नोकरी केली, दुसऱ्याचं सील फोडलं नाही. त्यातून लाल अक्षरांत लिहिलेलं."

मी नखाने स्टिकर खरवडलं. माझी वॉरंटी मीच रद्द केली.

दुसऱ्या दिवशी दुपारी साहेबांचा फोन आला. "पाऊण तास चालला. हूं की चूं नाही. घेतलं तिला."

मी अभिनंदन केलं.

"एक विचारायचं होतं. जुन्या पंख्याला काय झालं होतं?"

"काही नाही."

"वाटलंच," म्हणून त्यांनी फोन ठेवला.

तेव्हापासून दुरुस्तीनंतर आपण शेवटी जे करतो, तेही तपासतो. स्टिकर आता चार्जरवर लावतो. सुजाताच्या लॅपटॉपवर माझं नाव कुठेच नाही, आणि तो व्यवस्थित चालतो.