रुमालाखालचा सौदा

आमचे हे मुंबईत तरुणांना व्यापार शिकवायचे. वर्गात नुसती दाटी असायची म्हणे, आणि घरी ह्यांना साधी भाजीवालीसुद्धा सहज गुंडाळायची. सोमवारी कर्जतहून आगगाडीने जायचे, शनिवारी परत जवळच दहिवलीला, घरी.

मग मुंबईत बिऱ्हाड करायचं ठरलं. मी हरखले, पण मामंजी म्हणाले, "गाय विकून टाका. मागे तिचं करणार कोण?" मी लग्न होऊन आले तेव्हा ती तांबडी वासरू होती. ह्या घरात मला पहिला लळा लागला तो तिचा. पण मामंजींपुढे बोलायची कुणाची छाती नव्हती, ह्यांची तर नाहीच. मी गोठ्यात रडत बसले. हे दारात येऊन उभे राहिले आणि तसेच परत गेले. असा राग आला मला!

दुसऱ्या दिवशी बापलेक गाय घेऊन चौक गावच्या गुरांच्या बाजाराला गेले. आमच्याकडे गुरांचा भाव तोंडाने बोलत नाहीत. रुमालाखाली हात घालून एकमेकांची बोटं दाबायची, भाव दोघांतच राहतो. ह्यांनी मात्र वर्गात शिकवावं तसा चारचौघांत खणखणीत भाव सांगितला. वर, दूध काढताना गाय नखरे करते, तेही सांगून टाकलं.

"मास्तर, बोंबलता कशाला?" गिऱ्हाईक म्हणालं. "रुमालात हात द्या. समद्यांनी आयकल्यावर सौदा कसा व्हायचा?"

ह्यांनी पुन्हा तेच, आणखी मोठ्यानं. लोक हसत पांगले. संध्याकाळी गाय दारात हजर!

"व्यापाराचा मास्तर म्हणे!" मामंजींनी ओसरीवर पागोटं आपटलं. "राहू दे ती गाय. मीच बघीन तिचं."

पुढे कितीतरी दिवस मी ह्यांना त्यावरून चिडवत असे.

मुंबईला एकदा ह्यांचा जुना विद्यार्थी जेवायला आला. मी वाढत होते. "काकू," तो म्हणाला, "तुम्ही इकडे यायच्या आधीची गोष्ट. गुरांच्या बाजारातला सौदा मास्तरांनी आम्हाला उपरण्याखाली बोटं दाबून शिकवला होता. भाव मोठ्याने बोललात की गिऱ्हाईक गेलंच, म्हणायचे."

मी ह्यांच्याकडे पाहिलं. हे मान खाली घालून भात कालवत होते. कान लालबुंद झाले होते.

मी आत जाऊन डोळे पुसले आणि तुपाचं भांडं घेऊन आले. तूप दहिवलीचं, मामंजींनी धाडलेलं. हे "पुरे, पुरे" म्हणत राहिले आणि मी वाढतच राहिले.