हिरवा दिवा
संत्रं सोललं की अकोल्यातला तो दवाखाना आठवतो. तिथं मी नेटवर्क दुरुस्तीला जायचो; जिन्याखाली, नेटवर्कच्या कपाटाशेजारी, संत्र्यांच्या पेट्या रचलेल्या असत. एकदा गेलो तर कपाटातले दोन स्विच, म्हणजे संगणकांना एकमेकांशी जोडणारे डबे, दोन केबलींनी जोडलेले, दोन्हींचे दिवे हिरवे, तरी काही संगणकांवर एक्स-रे उघडत नव्हते, आणि वर पेशंट ऑपरेशनसाठी थांबला होता. एक्स-रे काढणाऱ्या ताई म्हणाल्या, "भाऊ, सकाळपासून तेच चार बंद हायेत, बाकीचे चालून राह्यले. असं काहून?" तेव्हा लक्षात आलं, प्रत्येक संगणकाच्या वाट्याला दोनपैकी एकच केबल येते, ती मेली असेल तर तेवढेच अडकणार. सगळंच बंद पडेल अशी धास्ती होती, तरी मी अंदाजानं एक केबल उपटली. सगळ्यांचं काम उरलेल्या केबलीवरून जाऊ लागलं आणि चारही संगणक सुरू झाले. "मंग तिचा दिवा हिरवा कसा होता?" ताईंनी विचारलं. दिवा नुसती जोडणी दाखवतो, केबलीतून माहिती नीट जाते की नाही ते नाही, हे मला पुढे कळलं. तेव्हा मात्र ताई एक्स-रे उघडायला वर पळाल्या, आणि मी ती केबल गुंडाळून संत्र्यांच्या पेटीवर ठेवली.